डाव्या हाताची गाठ

तुळजाबाईच्या मागावरचं लुगडं बाजारात दुरून ओळखू ये. काठ सरळ, वीण घट्ट, अन् कुठं सूत तुटून सांधलं असलं तरी बोटाले लागाचं नाई. नागपूरच्या तांडापेठेत आमची घरं समोरासमोर, मधात एवढीशी बोळ. सकाळी तिनं खळ लावाले बोळीत उभ्या सुताचा ताणा पसरला का माहं दार बंद, मी पसरला का तिचं. भांडणं लय झाली आमची, खोटं काहून बोलू? पण आजही कोणी म्हणते ना, का "कोष्ट्याची तुळजा विमानापायी येडी झाली," तं माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. विमानानं काई नाई केलं बापा. विमान तं वेळेवर आलं होतं. जे केलं ते माणसायनं केलं, अन् तेही मायेपोटी. म्हणून सांगते, नीट आयका.

तिचा नवरा तापात गेला तेव्हा लेक, जना, पाळण्यात होती. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याले बांधून तुळजाबाई माग चालवे. पोरगी मोठी झाली तशी मायच्या बाजूले बसून तुटलं सूत सांधू लागली. पण निघाली डावखुरी. डाव्या हातानं गाठ मारे, म्हणून तिच्या गाठीचा पीळ उलटा पडे. तुळजाबाईनं लहानपणी तिच्या हातावर किती चापट्या मारल्या असतीन, पण हात काई बदलला नाई. मंग तिनंच सोडून देल्लं. पुढं पुढं तं ती कापडावर बोट फिरवून सांगे, "ही माही गाठ, ही जनाची," अन् चेहऱ्यावर असं हासू, जसं पोरीनं मोठा पराक्रम केला.

तिच्या घराण्यात एक रीत होती. दुसऱ्या कोष्ट्यायच्या घरी मी पाह्यली नाई. घरचं माणूस परगावी निघालं का मागावरच्या ताण्यातलं एक सूत तोडून त्याच्या हाती देत. तिथं पोचलं का त्यानं ते सूत मधात तोडाचं, एक गाठ मारून सांधाचं, अन् येत्याजात्याच्या हाती परत धाडाचं. ती गाठ घरी येईपर्यंत मागावरचं लुगडं उतरवाचं नाई. विणून पुरं झालं तरी नाई. गिऱ्हाईक दारात बोंबलत बसो. तिचा भाऊ जागेश्वर उमरेडले गेला का एखाद्या बाजारकऱ्याच्या हाती सूत येऊन जाये, मंगच ती कापड उतरवे. "रस्त्यातल्या माणसाचं सूत कापू नाई," असं म्हणे. मी एकदा मस्करीत म्हटलं, "अवं, तुह्या भावाले रस्त्यात चोरानं लुटलं, अन् त्यानंच गाठ मारून धाडली तं?" ती हासली नाई. माह्याशी दोन दिवस बोललीही नाई.

जनाचं लग्न ताराचंदशी झालं. पोरगा आपल्यातलाच, गिरणीत फिटर. पुढं कोण्या ओळखीनं आफ्रिकेत, नैरोबीले, रेल्वेच्या कारखान्यात लागला, अन् वरीसभरानं बायकोले न्याले आला. जहाजानं न्यायची सोडून याले हौस! बायकोले विमानानं नेईन म्हणे. साऱ्या पेठेत डंका झाला. नागपूर तेव्हा राजधानी होतं, सोनेगावले विमानं उतरत, आमच्या कौलावरून घुंघुं करत जात. पण त्यात कोष्ट्याची पोरगी बसते, हे कोणाच्या सपनातही नव्हतं.

तुळजाबाईले तेवढं एकच पाह्यजे होतं, का पोरगी पोचली हे कळाले किती दिवस लागतीन. ते सांगाले तिनं मधुसूदनभाऊले बोलावलं. हे महाल भागातले बामन, सीताबर्डीवर तारऑफिसात कारकून. यायची माय यमुताई वर्षानुवर्षं तुळजाबाईच्याच हातचं लुगडं नेसे, त्यामुळं घरोबा. भाऊ आले, ओट्यावर बसले.

"हे पाहा तुळजाबाई, मुंबईहून नैरोबी साधारण तीन हजार मैल. विमान कराचीला उतरतं, एडनला उतरतं, मग नैरोबी. सगळे थांबे धरून पंधरा-सोळा तास."

"अन् नागपूरहून मुंबईले आगगाडी किती घेते?"

"जवळजवळ तेवढेच. एखाद-दोन तास इकडे तिकडे."

तुळजाबाईनं बोटावर मोजलं. मंग म्हणे, "भाऊ, मुंबई एवढी, अन् आफ्रिका समुद्रापार. दोघीयले सारखाच वेळ. मंग मधातला रस्ता कोण खाते?"

आम्ही सारे खदाखदा हासलो. भाऊही हासले. तिनं मात्र आपल्या प्रश्नाचं उत्तर मांगल्यासारखं आमच्या तोंडाकडं पाह्यलं.

जना गेली तेव्हा मागावर यमुताईचंच अंजिरी लुगडं होतं, भाचीच्या लग्नासाठी. त्यातलं सूत तोडून मायनं जनाच्या पदराले बांधलं. पोरगी हासत हासत टांग्यात बसली.

पंधरवड्याच्या आत पाकीट आलं. मधुसूदनभाऊंनी वाचून दाखवलं. ताराचंदचं अक्षर, कारण जनाले काई लिहिता येत नव्हतं. सुखरूप पोचलो, जना मजेत आहे, इथं थंडी आहे, घराले पत्रे आहेत. पाकिटातून सूत तुळजाबाईच्या मांडीवर पडलं. ती उठली, दारात उजेडात गेली, दोन नखांत गाठ धरून फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. मंग मांगं वळली तं चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाई.

"ही जनाची गाठ नाई," ती म्हणाली.

"म्हणजे?" भाऊंनी इचारलं.

"पीळ सरळ आहे. कोण्या दुसऱ्यानं बांधली."

"अहो, कुणी का बांधेना! पत्रात लिहिलंय ना, पोचली म्हणून."

"पत्र ताराचंदचं आहे भाऊ. गाठ कोणाची आहे, ते सांगा."

भाऊ पत्र पुन्हा वाचू लागले. मले माही ती चोराची मस्करी आठवली.

त्या दिवसापासून अंजिरी लुगडं मागावरच राह्यलं. विणून पुरं झालेलं, फक्त उतरवाचं तेवढं बाकी. यमुताईच्या भाचीचं लग्न निघून गेलं, तिथं दुसरं लुगडं घेतलं त्यायनं. भाऊंनी बिचाऱ्यानं सोताहून नैरोबीले तार केली, "जना कशी आहे" म्हणून. उलटी तार आली, "बरी आहे." ते धावत घेऊन आले. तुळजाबाई म्हणे, "तारेले हात असते का भाऊ?"

रडली असती तं बरं झालं असतं. पण ती रडे नाई. माग बंद, म्हणून दुसऱ्यायच्या धोट्याले सुताच्या कांड्या भरून देऊन पोट भरे, तेही अर्धंच. डोक्यावरून विमान गेलं का हातची कांडी टाकून बोळीत ये, अन् आवाज पार विरेपर्यंत वर पाहात उभी राहे. पोट्ट्यायनं आधी चिडवलं, मंग तेही भिऊ लागले. बाया आपापली लेकरं तिच्या दारावरून नेत नव्हत्या. मी रागावली एक दिवस, "काहून अशी जीव जाळून राहिली वं? पोरगी सुखानं नांदून राहिली तिथं!" तिनं माह्याकडं पाह्यलं, अन् इतकंच म्हणाली, "भागीरथा, तीन हजार मैलात कुठं तरी राह्यली ती." त्या घरात जाऊन बसाचं म्हटलं तरी जीव घाबरे.

शेवटी भाऊंनी ताराचंदले कडक पत्र लिहिलं, का सासू हातची जाते, जनाले धाडून दे, तोंड दाखवून जाऊ दे.

वैशाखातली दुपार होती. बोळीत कुत्रंही नव्हतं. मी दारात बसून सूत उकलत होती, तं टांगा वाजला. अन् उतरली कोण? जना! तीच, अंगानं जराशी भरलेली, पायात चपला. मी बोंबललीच, "तुळजे, अवं तुही जना आली, जना!"

तुळजाबाई दारात आली. धावली नाई. चौकट धरून उभी राह्यली, जसं कोणी दुसरंच जनाचं लुगडं नेसून आलं. मंग आत गेली, करंड्यातलं ते गाठीचं सूत अन् एक कोरं सूत घेऊन आली. कोरं जनाच्या पुढं धरलं. "बांध," म्हणे.

"माय, आधी पाणी तं दे वं!"

"बांध."

जनानं पदराखालून डावा हात काढला. माय गे! चार बोटं एकमेकाले चिकटलेली, कातडी ओढून चमकत होती. तिथं गेल्या गेल्या पहिल्याच दिवशी स्टोव्हचा भडका झाला होता. पोरीनं उजव्या हातानं, दातानं एक टोक धरून, कशीबशी गाठ मारली. तुळजाबाईनं दोन्ही गाठी नखात धरून पाह्यल्या. सारख्याच.

मंग जी रडली! आधी जनाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा देल्ला, मंग तिले उराशी धरलं. "हात जळाला होता तं सांगाचं नाई का वं रांडे? लिहाचं नाई का?"

"ह्यायनं लिहू नाई देल्लं. म्हणे माय उगाच काळजी करील."

आयका! काळजी करील म्हणून. अन् इतके महिने ही बाई मेल्यावाणी जगली, ते काय होतं मंग? ताराचंद समोर असता तं त्याची दोन्ही कानशिलं शेकली असती मी. पण पोरगी जिती होती, त्यातच सारं आलं. त्याच सांजेले अंजिरी लुगडं मागावरून उतरलं, अन् बोळीत साऱ्यायले गूळ वाटला. तुळजाबाई हासत होती. जनाचा तो हात मांडीवर घेऊन तेल चोळत म्हणे, "आता तुही गाठ साऱ्या दुनियेसारखी झाली वं. आता मी कशी ओळखू?"

"मी बांधली म्हणून पत्रात लिहिलं का मीच बांधली, असं समज," जना म्हणाली.

"हो बापा. आता नाई तसं येड्यावाणी करत."

पाऊस लागला तसं जनाचं परत जाचं ठरलं. ताराचंदले सुटी नव्हती, एकटीनंच जाचं होतं. विमानाचं तिकीट तारखेचं. अन् निघाच्या आठवड्यात पोरीले ताप भरला. वैद्याचा काढा झाला, उतरे, पुन्हा चढे. जाचा दिवस आला तं अंग तव्यासारखं तापलेलं.

"ताप उतरू दे, मंग जा," तुळजाबाई म्हणाली. पण हळूच म्हणाली. जागेश्वर मुंबईपर्यंत पोचवाले आला होता. तो म्हणे, "अवं ताई, एका दिवसाचा तं सवाल आहे. इथं खाटेवर पडून राहील ते तिथं गादीवर पडून राहील. उद्या परवा नवऱ्याजवळ पोचते, तिथं मोठे मोठे दवाखाने आहेत." पेठेतली सारी तसंच बोलली. महिनाभराचा बैलगाडीचा रस्ता असता, तं असल्या तापात कोणी मांजरालेही बाहेर नसतं धाडलं. पण पंधरा-सोळा तास! तेवढे तं कसेही निघून जातीन, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. जनाही म्हणे, "माय, जाऊ दे वं, तिकीट बुडन." मी तुळजाबाईकडं पाह्यलं. तिच्या मनात काई तरी होतं, दिसत होतं. पण मांगच्या खेपी तिचं मन खोटं ठरलं होतं, साऱ्या पेठेसमोर. तिनं मान खाली घातली, मागाजवळ गेली, अन् ताण्यातलं सूत तोडलं. या खेपी मागावर हिरवं लुगडं होतं. जनासाठीच घातलं होतं. विणून झालं का पार्सलानं धाडाचं होतं.

टांगा निघाला तेव्हा जनाचं डोकं जागेश्वरच्या खांद्यावर होतं. तुळजाबाई टांग्यामांगं नाईक तलावापर्यंत चालत गेली. पावसात भिजून परत आली अन् मले म्हणे, "भागीरथा, रस्ता कोण खाते ते अजून कोणी सांगितलं नाई मले." मी म्हटलं, "चूप बस वं, अशुभ नको बोलू."

जागेश्वर परत आला. म्हणे, शिडी चढताना जना मधात एकदा थांबली, कठडा धरला, मंग चढून गेली. विमान सांगितल्या वेळी उडालं.

तुळजाबाई रोज माग चालवे. हिरवं लुगडं विणून झालं, ते तसंच ठेवलं. डाकवाला बोळीच्या तोंडाशी दिसला का तिचा धोटा थांबे, अन् माहाही. अखेर पाकीट आलं. मधुसूदनभाऊंनी वाचलं. दोनच ओळी, ताराचंदच्या अक्षरात. जना पोचली, काळजी करू नका. अन् सूत. त्यावर गाठ, सरळ पिळाची, चांगली घट्ट.

तुळजाबाईनं ती नखातही धरली नाई. नुसती पाह्यली अन् हासली. "पाहा भाऊ, उजव्या हातानं कशी साफ बांधाले शिकली! मांगं दातानं ओढत होती." दुधानं तोंड पोळलं का माणूस ताक फुंकून पिते म्हणतात. हिचं उलटंच झालं. ताकानं फसली, अन् आता उकळतं दूध घटाघटा पेली. भाऊ खूश, मी खूश. तिनं तिथल्या तिथं कापड कापून मागावरून उतरवलं, घडी केली, हळदकुंकू लावलं. माह्या तोंडात गूळ कोंबला. मी खाल्ला. अजून ती चव जिभेवर येते कधी कधी, अन् थुंकाव वाटते.

पार्सल शिवाले मांजरपाट पाह्यजे होता, तो आणू आणू म्हणता काई दिवस गेले. अन् एक सकाळी बोळीच्या तोंडाशी ताराचंद दिसला. एकटाच. डोक्यावर जनाची पत्र्याची पेटी. मी नळावरून येत होती. त्याचं तोंड पाह्यलं अन् मी घागर खाली ठेवली.

"जना कुठं आहे?" मी इचारलं.

त्यानं पेटी खाली ठेवली. "मावशी, मी विमानतळावर घ्याले गेलो होतो. विमान वेळेवर आलं. सारे उतरले. सामान उतरलं, ही पेटी उतरली. ती नाई उतरली."

एडनले विमान थांबलं तेव्हा ती शुद्धीत नव्हती. तिथल्या दवाखान्यात उतरवून घेतलं. विमान पुढं गेलं. ताराचंद नैरोबीच्या विमानतळावर हारतुरा घेऊन उभा होता, त्याच्या आधीच एडनात तिचा जीव गेला होता.

"अन् गाठ?" मी इचारलं. "गाठ कोणं बांधली?"

"मीच. सूत पेटीत होतं. मायले पत्रात कसं लिहू मावशी? मांगं नुसती गाठ सरळ पडली तं ती मरायले टेकली होती. म्हटलं, समोर जाऊन सांगीन. म्हणून मुद्दाम जहाजानं आलो, का विचार कराले तेवढेच दिवस मिळतीन. सारा रस्ता विचार करत आलो, पण शब्दच सापडत नाई."

"अरे मुडद्या," मी म्हटलं, "अरे तुही काळजी जळो!" मले त्याले माराचं होतं. पण पोरगा तिथंच बोळीत बसून लहान लेकरासारखा हमसून हमसून रडू लागला, अन् माहा हात काई उठला नाई.

तेवढ्यात आतून तुळजाबाईचा आवाज आला, कसा खुशीतला! "कोण आलं वं भागीरथा? ताराचंदचा आवाज आहे काय? अवं, जना मांगून येऊन राहिली का?"

ती हात पुसत दारात आली. ताराचंदले पाह्यलं. पेटी पाह्यली. बोळीच्या तोंडापर्यंत नजर नेली अन् परत आणली. ती खाली बसली, ताराचंदचा उजवा हात आपल्या हातात घेतला, त्याची बोटं एक एक करून पाह्यली.

"घट्ट बांधली होती रे," ती म्हणाली. "मी नखात धरून पाह्यली नाई."

मंग उठून आत गेली. आम्हाले वाटलं, आता हंबरडा फोडील. बाया जमल्या, यमुताईकडं निरोप गेला, मधुसूदनभाऊ ऑफिसातून धावत आले. मी आत गेली तं ती मागावर बसली होती. हिरव्या लुगड्याची घडी मोडली होती, हळदकुंकू सांडलं होतं. कापलेल्या कडेचं एक एक सूत धरून मागावर राह्यलेल्या ताण्याच्या एक एक सुताले ती सांधत होती. लुगडं परत मागावर चढवत होती. शेकडो सुतं. अन् गाठी मारत होती डाव्या हातानं. जल्मभर उजव्या हातानं काम केलेली बाई, डावी बोटं वळत नव्हती, गाठ निसटे, ती पुन्हा धरे.

"तुळजे," मी म्हटलं, "सोड वं."

"रस्त्यात आहे ती," तिनं वर न पाहता सांगितलं. "मी मधातच कापून टाकलं."

भाऊ दारात उभे होते. ते पंधरा-सोळा तास सांगणारे भाऊ. त्यायले आत येववलं नाई. मी तिच्या बाजूले बसली, अन् सुताचं दुसरं टोक धरून देल्लं.